दोन गाड्यातली एकच ठेवायची होती: बोलेरो का वॅगनआर

आमच्या घरात दोन गाड्या होत्या आणि दोन्ही चांगल्या चालत होत्या. एखादी बिघडलेली, टाकाऊ असती तर प्रश्नच नव्हता, तशी नव्हती म्हणूनच ठरायला आठ महिने लागले. एक बोलेरो, २०१४ ची, अण्णांच्या नावावर. दुसरी वॅगनआर सीएनजी, २०२१ ची, बायकोच्या नावावर. कोणती ठेवली ते आत्ताच सांगून टाकतो, वॅगनआर ठेवली, उगं शेवटपर्यंत ताणत बसायला नको. पण कसं ठरलं, हिशोब कुठं जमला आणि कुठं सपशेल गंडला ते नीट लिहून ठेवायलोय, कारण वर्षभरात चार जणांनी हेच विचारलं आणि दरवेळी मी घाईत अर्धवट सांगितलं.

आधी घरची परिस्थिती. आम्ही लातूरला राहतो, गाव औसा तालुक्यात, दारापासून आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या गोठ्याखोपीपर्यंत, बरोबर ३१ किलोमीटर. नऊ एकर, सगळी काळी, सोयाबीन आणि तूर, पाणी असलं तर थोडा ऊस. अण्णा तेव्हा ७४ चे, हिंडून फिरून ठणठणीत पण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रात्रीची गाडी बंद. आईचे गुडघे गेलेत. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर, मुरूड रोडला, जाऊन येऊन ३२ किलोमीटर, रोज वॅगनआर तीच नेते. मी एका पतसंस्थेत, माझं सगळं स्प्लेंडरवर भागतं. पोरगी बारावी झाली आणि पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. इथूनच सगळं सुरू झालं.

मे २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन कागद घरात आले, होस्टेलच्या फीचा आणि बोलेरोच्या इन्शुरन्सचा. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो. बोलेरोचं इंजिन २५२३ सीसी. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, तेव्हा १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. वॅगनआर ९९८ सीसी, तिला तोच दर २,०९४. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी बोलेरोचे चौपट जवळ जातात, ते पण फक्त थर्ड पार्टीचे. त्या दिवशी जेवताना मी सहज म्हणलं, अण्णा, एक गाडी कमी करावं का. अण्णा भाकरी मोडत म्हणले, "कर की. तो डबा विक."

डबा म्हणजे वॅगनआर.

इथं एक सांगायला पाहिजे, अण्णांचं म्हणणं काही येड्यासारखं नव्हतं. भावकीत, मित्रात, पतसंस्थेत, ज्याला विचारलं तो हेच म्हणायला लागला. बोलेरो विकू नको, आपल्याकडं बोलेरो म्हणजे सोनं. आणि खरंच, जिन्यासारखी चढायची, स्प्रिंगच्या पाट्यावर उभी असलेली, मागच्या चाकावर चालणारी, सात माणसं आणि वर खताची पोती घेऊन कुठल्याही वाडीवस्तीवर जाणारी गाडी, तिला इकडं मरण नाही. गॅरेज म्हणाल तर फाट्याफाट्याला मेस्त्री. शिवाय विकायला काढली तर वॅगनआरचे जास्त येत होते. लातूरच्या जुन्या गाड्यावाल्यानं वॅगनआरला ४ लाख ६० हजार सांगितले, बोलेरोला आधी २ लाख ६०, मग एका एजंटानं २ लाख ८०, शेवटी गावातल्या एकानं सव्वातीन. म्हणजे वॅगनआर विकली तर १ लाख ३५ हजार जास्त हातात. पुण्याची फी समोर असताना १ लाख ३५ हजार काय असतात ते सांगायला नको.

बायकोचं एकच वाक्य होतं. "अहो, मी बोलेरो घेऊन शाळेत जाऊ का?"

तिला चालवता येत नाही असं नाही. पण आमची गल्ली जुनी, समोर विजेचा खांब, बोलेरो बाहेर काढायला दोन वेळा पुढं मागं करावं लागतं, एकजण उतरून हात दाखवायला लागतो. हे रोज सकाळी साडेसहाला कोण करणार. मी तेव्हा हे फार मनावर घेतलं नाही, गाडीचं बोलायलो होतो ना, माणसांचं कुठं. आता वाटतं पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे होता, की कोणती गाडी कोण कोण चालवू शकतं. वॅगनआर चालवणारे तीन, मी, बायको, अण्णा, आणि पोरगी शिकायली म्हणून साडेतीन. बोलेरो चालवणारे दीड. मी एक, आणि अण्णा दिवस असेपर्यंत.

आणि आई. बोलेरोत चढायला आईला लाकडी पाट लागायचा. जेवायला बसायचा जुना पाट, तो मधल्या सीटखाली कायमचा ठेवलेला. गाडी थांबली की मी उतरायचं, पाट काढायचा, रस्त्यावर नीट टेकवायचा, आईनं वरच्या हँडलला धरून एक पाय पाटावर, मग फूटबोर्डवर, मग "थांब, थांब, हात सोडू नको", मग आत. उतरताना हेच उलटं. वॅगनआरचं सीट खुर्चीच्या उंचीचं, आई आधी बसते मग पाय आत घेते, कुणाची मदत लागत नाही. दवाखान्याच्या दारात रिक्षांच्या गर्दीत पाट मांडत उभं राहिलेला माणूसच याचं मोल जाणतो.

तरी पण अण्णांचा मुद्दा राहतच होता, शेत. गाव डांबरीवर आहे, पण डांबरी सोडल्यावर आखाड्यापर्यंत १ किलोमीटर ४०० मीटर पाणंद, म्हणजे वावरातनं जाणारी वाट. कच्ची. पाणंद रस्त्याच्या योजनेत नाव आहे म्हणून गेली तीन वर्षं ऐकायलोय, मुरूम अजून बघितला नाही. अण्णा म्हणायचे, पावसाळ्यात तो डबा घेऊन जाऊन दाखव. बरोबर होतं, वॅगनआर एकदा २०२२ ला फसली होती आणि ते घरात रोज निघायचं.

मग मी जे केलं ते पतसंस्थेतल्या माणसाला शोभेल असंच. एक दोनशे पानी वही घेतली आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, सहा महिने, दोन्ही गाड्यांची प्रत्येक फेरी लिहिली. तारीख, कोण गेलं, कुठं, किती किलोमीटर, किती माणसं, सामान काय. शेताची फेरी असली तर एक जादा रकाना, पाणंद कशी होती. सुरुवातीला अण्णा हसायचे. ऑगस्टपासून तेच आठवण करायला लागले, "लिवलास का आजचं?"

हा जादा रकाना टाकताना माझ्या डोक्यात दोनच खाने होते, वॅगनआर जाईल किंवा जाणार नाही. आणखी एक खाना आहे हे मला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. त्या वर्षी सप्टेंबर लागल्या लागल्या मराठवाड्यात जोराचा पाऊस झाला. तीन दिवसांनी उघडीप मिळाली म्हणून मी आणि अण्णा बोलेरो घेऊन सोयाबीन बघायला निघालो. डांबरी सोडली, पहिले दोनशे मीटर ठीक. मग चिखल चाकाला लपेटायला लागला. काळ्या मातीचं ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, ती घसरते तेवढंच नाही, ती चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, वरून थर चढत जातो, मडगार्डच्या आत माती दाबून बसते आणि शेवटी चाक फिरायलाच जागा राहत नाही. आम्ही उतरून बघितलं तर मागची दोन्ही चाकं चाकं वाटत नव्हती, मातीची दळायची जाती वाटत होती. बाभळीचे फाटे तोडून खाली घातले, ते पण आत गेले. फोर बाय फोर असती तर गोष्ट वेगळी, आमची साधी, मागच्या दोन चाकावर ओढणारी. अर्धा तास झाल्यावर शेजारच्या वावरातनं एकाचा ट्रॅक्टर आला, टोचन लावलं, ओढून डांबरीवर सोडलं. ट्रॅक्टरवाला काही बोलला नाही, फक्त जाताना म्हणला, "अण्णा, एवढ्या गाळात तर म्या बी चालतच जातो."

त्या रात्री मी वहीत तीन खाने केले. दोन्ही गाड्या जातात असे दिवस. दोन्ही जात नाहीत असे दिवस. आणि बोलेरो जाते पण वॅगनआर जात नाही असे दिवस. बोलेरो ठेवायची का नाही हे फक्त तिसऱ्या खान्यावर ठरणार होतं. हे लक्षात आलं आणि मला एकदम मोकळं वाटलं, कारण आतापर्यंत भांडण पावसाळा विरुद्ध उन्हाळा असं चाललं होतं आणि खरं भांडण त्या मधल्या अर्धवट वाळलेल्या दिवसांचं होतं, वर पापुद्रा धरलेला, खाली ओल, चाकोरी खोल गेलेली. तिथं वॅगनआरचं पोट घासतं आणि बोलेरो आरामात निघून जाते.

सहा महिन्यात शेताच्या फेऱ्या ६१. दोन्ही गाड्या आखाड्यापर्यंत गेल्या असत्या असे दिवस ३४. दोन्हीपैकी एकही जाणार नाही, गाडी डांबरीवर लावून चालत, असे १८. आणि तो तिसरा खाना, फक्त बोलेरोचा, ९. या ९ मधले ५ दिवस हातात जेवणाच्या डब्याशिवाय काही नव्हतं, चालत गेलं असतं तरी चाललं असतं. चार वेळा खरंच ओझं होतं, दोनदा युरियाची पोती, एकदा पाण्याची मोटार, एकदा फवारणीचं सामान. डिसेंबर ते मे पाणंद खडखडीत असते, तेव्हा काही प्रश्नच नाही.

सात माणसांच्या फेऱ्या वर्षाला पाच धरल्या. तुळजापूर एकदा, बाकी लग्नं. म्हणजे फक्त बोलेरोच्याच वाट्याची कामं, चालत जमले असते ते पाच दिवस पण धरून, वर्षाला चौदा.

आता बोलेरोचा वर्षाचा खर्च. इन्शुरन्स १३ हजार, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती १७ हजार (त्यात क्लच प्लेट, १ लाख ६८ हजार किलोमीटर झाल्यावर ती घासणारच), बॅटरी साडेसहा हजार, कारण गाडी उभी राहून राहून बॅटरी उतरायची आणि दर आठ पंधरा दिवसाला गाडी सुरू करायला धक्का लागायचा, पीयूसी धुलाई दीड हजार. झाले ३८ हजार. चालली किती, ३,१०० किलोमीटर. अॅव्हरेज साडेबारा, डिझेल नव्वदच्या आसपास, म्हणजे २२ हजार तीनशे. एकूण साठ हजार तीनशे. किलोमीटरला साडेएकोणीस रुपये. त्याच वर्षी वॅगनआर १४,२०० किलोमीटर चालली, सीएनजीचा किलोला २६ चा अॅव्हरेज धरला आणि सगळा खर्च धरला तर किलोमीटरला पाच रुपयाच्या आत बसली. बाहेरून ड्रायव्हरसकट एर्टिगा मागवली तर किलोमीटरला चौदा-पंधरा. म्हणजे आमची स्वतःची बोलेरो भाड्याच्या एर्टिगापेक्षा महाग पडायली होती. चौदा कामांना साठ हजार, एका कामाला ४,३००.

अण्णांना हा आकडा दाखवला. बराच वेळ वही उलटी सुलटी करून बघितली आणि म्हणले, "सगळं लिवलंय. पर हिला बघून मोंढ्यात लोक वळखतेत, ते कुठं लिवलास?" मोंढा म्हणजे आमचा धान्याचा बाजार.

ते नव्हतं लिहिलं. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. आमच्या गावात बोलेरो आली तेव्हा भावकीतली ती पहिली चारचाकी. विधानसभेच्या टायमाला दोन्हीकडची माणसं गाडी मागायला आली होती, अण्णांनी कुणालाच दिली नाही, पण आले होते याचं समाधान महिनाभर पुरलं. हे किलोमीटरला किती रुपये पडलं ते मला मांडता येत नाही.

उलटा हिशोब पण केला, म्हणजे वॅगनआर विकून बोलेरो ठेवली तर. जादाचे १ लाख ३५ हजार मिळणार, मान्य. पण मग बायकोची शाळा, भाजी, दवाखाना, सगळे १४,२०० किलोमीटर डिझेलवर. सीएनजीला किलोमीटरला साडेतीन रुपये, बोलेरोला सात रुपये वीस पैसे. वर्षाला ५३ हजाराचा फरक नुसत्या इंधनाचा. जादाचे पैसे अडीच वर्षात फस्त. तिसरा पर्याय, दोन्ही विकून एकच नवी मोठी घ्यायची, तो मित्रांना फार आवडायचा कारण हप्ता त्यांना भरायचा नव्हता. तो एका संध्याकाळीच सोडून दिला.

मधेच एक घोळ झाला तो सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. आमच्या शेजाऱ्यांनी अण्णांना सांगितलं की डिझेल गाडी दहा वर्षाची झाली की बंद, पोलीस जप्त करतात, तुमची २०१४ ची, म्हणजे संपलीच. अण्णा घाबरून मला म्हणले, काढून टाक लवकर, मिळेल त्या भावात. दहा वर्षाची अट तेव्हा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागातली होती, लातूरला नाही. आपल्याकडं खाजगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, १५ वर्षाचं, आमचं २०२९ पर्यंत. त्यानंतर फिटनेस करून पाच पाच वर्षानं वाढवता येतं, फी तेव्हा ५ हजार होती, वर ग्रीन टॅक्स. अण्णा विकायला तयार होत होते तर गप्प बसावं असं एक मिनिट मनात आलं, खोटं कशाला बोलू, पण मग सांगितलं. भीतीनं विकली असती तर २ लाख ६० लाच गेली असती आणि जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पण यातनं एक खरी गोष्ट हाती आली, २०२९ जसजसं जवळ येईल तसतसा घेणारा भाव पाडत जाणार. वॅगनआरच्या मागं अजून बारा वर्षं होती. विकायचीच तर बोलेरो, आणि विकायचीच तर आत्ता.

शेवटचा धक्का सोयाबीननं दिला. हमीभाव ४,८९२ आणि दिवाळीच्या आधीपासून मोंढ्यात आमच्या मालाला ४,१०० च्या वर कुणी जाईना. अण्णा विक्रीची पट्टी खिशात घालून घरी आले, चहा घेतला आणि स्वतःच म्हणले, त्या सव्वातीनवाल्याला फोन लाव.

विक्रीची कागदपत्रं हे वेगळंच प्रकरण. आधी आरसी काढून बघितलं तर त्यावर अजून बँकेचा बोजा. कर्ज २०१८ ला फिटलंय, पण तेव्हा बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणून आरटीओत बोजा उतरवायचा असतो हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. एनओसी घरात कुठं सापडेना. बँकेच्या शाखेत तीन चकरा, पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा खातं जुन्या सिस्टिमला, तिसऱ्यांदा मिळाली. मग बोजा उतरवायचा फॉर्म ३५. मग हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, कारण २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या गाडीला ती बसवल्याशिवाय नाव बदलून मिळेना, ७४५ रुपये अधिक जीएसटी, विकायच्या गाडीला नवीन प्लेट. मग नाव बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. तुमच्या कुठल्याही गाडीचं कर्ज फिटलं असेल तर आज रात्री आरसी काढून बघा, हे मी आता ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलोय.

घेणारा आमच्याच गावचा, चांगला माणूस, म्हणायला लागला की नावावर करू की सावकाश, कुठं पळून जायलोय व्हय. इथं मी वाईटपणा घेतला. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईचा दावा त्याच्यावर, गाडी कुणाच्या का ताब्यात असेना. ७४ वर्षाच्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावायच्या का. म्हणून पैसे पूर्ण, कागद आरटीओत जमा, ताब्याच्या पावतीवर तारीख आणि वेळ, मगच चावी. फेब्रुवारी २०२५ च्या एका शनिवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी चावी दिली. अण्णांनी गाडीच्या पुढच्या काचेवरचं लिंबू मिरची काढून घेतलं, मग परत बांधलं.

दोन बारीक गोष्टी. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, ५० टक्के होता, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षात नवीन गाडीला वापरता येतो. आम्हाला उपयोग शून्य, कारण बोनस अण्णांचा आणि वॅगनआर बायकोच्या नावावर. पत्र मात्र घेऊन ठेवलंय. दुसरं फास्टॅग. तो बंद करायचा राहून गेला आणि मार्चमध्ये अण्णांच्या मोबाईलवर मेसेज, तुळजापूर रोडच्या टोलचे पैसे कटले. मी लगेच बंद करायला निघालो तर अण्णा म्हणले, "राहू दे की जरा. कळतंय तरी कुठं फिरायली." तीन मेसेज येईपर्यंत राहू दिलं. मग अण्णा झोपलेले बघून बंद केला.

आता माझा हिशोब कुठं गंडला ते. मी वहीत रस्ता मोजला, चिखल मोजला, किलोमीटर मोजले. वार मोजला नाही. वहीत तारखा होत्या, पण त्या ६१ फेऱ्यातल्या ३८ सोमवार ते शुक्रवार होत्या आणि त्या वेळी वॅगनआर मुरूड रोडला शाळेच्या आवारात लिंबाखाली उभी असते. म्हणजे मी ज्याला "दोन्ही गाड्या जातात असे दिवस" म्हणून ३४ लिहिलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवशी वॅगनआर रस्त्यामुळं नाही, घरातच नसल्यामुळं गेली नसती. हे मला गाडी विकून बाराव्या दिवशी कळलं, अण्णा सकाळी पिशवी घेऊन तयार होऊन ओट्यावर बसले होते आणि दारात काहीच नव्हतं. बायको रात्री वही घेऊन बसली, पाचच मिनिटात वार काढले आणि माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ते भागलं कसं तर नशिबानं. मार्चमध्ये अण्णांना ७५ लागलं. पंच्याहत्तरच्या पुढं एसटी फुकट. लातूरहून औशाकडं गाड्यांची कमी नाही, फाट्यावर उतरायचं, तिथनं गाव दीड किलोमीटर, कुणीतरी मोटारसायकलवाला भेटतोच. पहिले चार दिवस नाराजी, पाचव्या दिवसापासून अण्णांना एसटीतल्या गप्पाच आवडायला लागल्या, आता घरातल्या माणसांना माहीत नसलेल्या बातम्या अण्णा आणतात. पण हे माझ्या हिशोबात नव्हतं, हे मी मान्य करतो. अण्णा ६२ चे असते तर महिन्याला दोन तीन हजार भाड्यात गेले असते आणि चिडचिड वेगळी.

एकाच वेळी दोघांना गाडी लागली असं विक्रीपासून ऑक्टोबरपर्यंत सात वेळा झालं. पाच वेळा रिक्षा, एसटी, मित्राची गाडी असं निभावलं. दोनदा भांडण झालं. पोरीचं होस्टेल बदललं तेव्हा सिलिंडरनं डिक्की खाल्लेली असल्यामुळं गादी, बादली, पुस्तकाचा खोका मागच्या सीटवर आणि पोरगी पुढं, मी तेवढाच, आईला यायचं होतं ते राहिलं. सीएनजीच्या रांगेत चाळीस चाळीस मिनिटं जातात ते वेगळंच. लग्नाला दोनदा एर्टिगा मागवली, दोन्हीचे मिळून आठ हजाराच्या आत झाले.

आणि सप्टेंबर २०२५. तो महिना मराठवाड्यात कुणी विसरणार नाही, सीना, सिंदफणा, मांजरा, जिकडं तिकडं पाणी, आमच्या वावरात गुडघाभर होतं. आठवडाभर कुठलीच गाडी पाणंदीत गेली नाही, बोलेरो पण नाही, ती तिच्या नव्या मालकाच्या दारात उभी होती. तो माझा दुसरा खाना. अण्णा डांबरीवर उभं राहून लांबूनच बघून आले. त्याच महिन्यात २२ तारखेला नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, शोरूमचे भाव उतरले की जुन्याचे उतरतातच, तेच सव्वातीन नंतर आले असते का माहीत नाही. यात माझी काही हुशारी नाही, सोयाबीननं घाई केली म्हणून झालं.

आईचा पाट बोलेरोतच गेला. आठवड्यानं लक्षात आलं, फोन केला तर बोलेरोचा नवा मालक म्हणला, काकू, आणून देतो, पण आमची आजी त्याच्यावरूनच चढायली. आई म्हणली राहू दे.

अण्णा एसटीतनं फाट्यावर उतरतात तेव्हा आता बऱ्याच वेळा तीच बोलेरो न्यायला उभी असते. त्याची शीव आमच्या शिवेला लागून आहे, जाता जाता तो अण्णांना घेतो. पुढच्या सीटवर अण्णाच. परवा घरी आल्या आल्या मला म्हणले, त्याला फोन लाव, म्हणावं मागचे पाटे वाजायलेत, ग्रीस मारून घे. मी लावला. त्यानं आदल्याच दिवशी मारलं होतं.